कोपरखळीने पदवी मिळते का?

२०१७ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक शिकागो विद्यापीठाचे प्राध्यापक रिचर्ड थेलर यांना मिळाले. त्याआधी, २००८ साली, कायद्याचे अभ्यासक कॅस सनस्टीन यांच्यासह त्यांनी 'नज' नावाचे पुस्तक लिहिले होते. 'नज' म्हणजे कोपराने हलकेच ढोसणे. मराठीतील 'कोपरखळी' या शब्दाला आता टोमण्याचा वास येतो, पण त्याचा मूळ अर्थ हाच आहे. तासाला डुलकी घेणाऱ्या मित्राला शेजारचा मुलगा कोपराने जागे करतो, ती कोपरखळी. प्रस्तुत लेखात हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे.

या पुस्तकातील विचार अनेक देशांच्या सरकारांनी उचलून धरला. भारत सरकारच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालातही त्याला एक स्वतंत्र प्रकरण मिळाले. शिक्षणक्षेत्रात तर त्याने मोठी आशा निर्माण केली. महाविद्यालयात प्रवेश घेणारी पुष्कळ मुले मध्येच गळतात. कोणी परीक्षेचा अर्ज भरायला विसरतो, कोणी शिष्यवृत्तीची मुदत चुकवतो, कोणाला दोन एटीकेटी लागल्या की तो येईनासाच होतो. अशा मुलांना योग्य वेळी मोबाइलवर चार ओळींचा संदेश पाठवला तर फारसा खर्च न करता गळती थांबेल, अशी ती आशा. ती कितपत खरी ठरली, हे सांगणारा पुरावा गेल्या पंधरा वर्षांत बराच जमला आहे. तो तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कोपरखळी म्हणजे नेमके काय?

तीन गोष्टी आधी वेगळ्या करू. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत ७५ टक्के हजेरीचे बंधन आहे. हा झाला नियम. तो मोडला तर परीक्षेला बसणे अडचणीत येते. शिष्यवृत्ती हे आर्थिक साहाय्य आहे. आणि 'परीक्षेचा अर्ज भरण्याचा उद्या शेवटचा दिवस आहे' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश म्हणजे कोपरखळी. तिच्यात सक्ती नाही आणि पैशाचा लाभही नाही. ज्याला दुर्लक्ष करायचे त्याने खुशाल करावे.

थेलर आणि सनस्टीन यांचे म्हणणे असे, की माणूस सर्व बाजूंनी हिशेब करून निर्णय घेत नाही. तो विसरतो, आजचे काम उद्यावर टाकतो आणि समोर जे तयार असेल ते स्वीकारतो. निवृत्तीच्या बचत योजनेत 'हवे असल्यास अर्ज करा' असे म्हटले तर थोडेच लोक येतात. 'सर्वांना घेतले आहे, नको असल्यास कळवा' असे म्हटले की बहुतेक जण राहतात. योजना तीच, माणसेही त्याच प्रकारची. बदलते ती फक्त मांडणी. हा भाग प्रयोगांनी चांगला सिद्ध झालेला आहे आणि पुस्तकाने तो अतिशय सोप्या भाषेत मांडला आहे. पुस्तकाचे हे श्रेय मान्य करूनच पुढे जायला हवे.

वडाळ्याचे पिवळे स्लीपर

या विचाराचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या हार्बर मार्गावरच घडले आहे. नवी मुंबईकडे येणाऱ्या गाड्या ज्या वडाळा स्टेशनातून जातात, तिथे रूळ ओलांडताना होणारे अपघात कमी करण्यासाठी २००९-१० च्या सुमारास 'फायनलमाइल' या संस्थेने काही साधे बदल सुचवले. दूरवरून येणाऱ्या मोठ्या वस्तूचा वेग माणसाला प्रत्यक्षाहून कमी भासतो. म्हणून रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले. गाडी एकेक पिवळा पट्टा गिळत येते, त्यावरून वेगाचा अंदाज येतो. सलग भोंग्याऐवजी मध्ये थांबा घेणारे तुटक भोंगे वाजवायला सांगितले. गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याची छायाचित्रे लावली. नंतरच्या काळात तिथले मृत्यू घटल्याचे प्रसिद्ध झाले.

कल्पना सुंदर आहे. मात्र विज्ञानाच्या शिक्षकाने इथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे: तुलना कशाशी? एखाद्या वर्षी जिथे अपघात फार झाले असे ठिकाण निवडले, तर काहीही न करता पुढच्या वर्षी तिथला आकडा खाली येण्याची शक्यता असते. पहिल्या घटक चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली दहा मुले बाजूला काढा. दुसऱ्या चाचणीत त्यांची सरासरी बहुधा वाढलेली दिसेल, कारण पहिल्या वेळी त्यांतल्या काहींचा दिवसच वाईट होता. संख्याशास्त्रात याला 'सरासरीकडे परतणे' म्हणतात. म्हणूनच ज्याला उपाय दिला तो गट आणि ज्याला दिला नाही तो गट, दोन्ही चिठ्ठ्या टाकून पाडावे लागतात.

'नज' पुस्तकातल्या एका शैक्षणिक उदाहरणालाही हाच आक्षेप लागू पडतो. टेक्सास राज्यातील सॅन मार्कोस येथील शाळेने, जवळच्या महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज भरल्याशिवाय शालान्त प्रमाणपत्र मिळणार नाही, असे ठरवले. पुढे महाविद्यालयात जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले. पण ही आधीची आणि नंतरची तुलना आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हे. शिवाय अर्ज भरल्यावाचून प्रमाणपत्र नाही, ही कोपरखळी कसली? तो तर नियम झाला.

वडाळ्याच्या उदाहरणातून आणखी एक मुद्दा निघतो आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. रूळ ओलांडणे हा काही सेकंदांचा निर्णय असतो. पदवी मिळवणे हे तीन किंवा चार वर्षांचे काम आहे. क्षणाचा निर्णय ज्या उपायाने सुधारतो, त्याच उपायाने वर्षानुवर्षांचे कष्ट तडीस जातील, असे गृहीत धरता येईल का?

छोट्या प्रयोगांचे यश

आता महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरील प्रयोगांकडे वळू. अमेरिकेत शिष्यवृत्ती आणि कर्जासाठी शंभराहून अधिक प्रश्नांचा एक सरकारी अर्ज भरावा लागत असे. २००८ साली एरिक बेटिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयांत प्रयोग केला. कमी उत्पन्नाची कुटुंबे तिथे येतच होती. चिठ्ठ्या टाकून त्यांचे गट पाडले. एका गटाला तिथल्या कर्मचाऱ्यानेच, कराच्या कागदातील माहिती वापरून, काही मिनिटांत शिष्यवृत्तीचा अर्ज भरून दिला. दुसऱ्या गटाला किती पैसे मिळू शकतील याची फक्त माहिती दिली. तिसऱ्या गटाला विशेष काही दिले नाही. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटातील शाळा संपवणाऱ्या मुलांपैकी पुढच्या तीन वर्षांत महाविद्यालयाची दोन वर्षे पुरी करणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. नुसती माहिती मिळालेल्या गटात फरक पडला नाही.

हा निष्कर्ष शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. माहिती दोन्ही गटांना मिळाली होती, पण काम झाले ते शेजारी बसून अर्ज भरून देणाऱ्या माणसामुळे.

दुसरा प्रयोग बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज यांचा. शाळा संपल्यावर महाविद्यालय सुरू होईपर्यंतच्या सुटीत, प्रवेश ठरलेली कित्येक मुले गळतात, हे त्यांनी दाखवून दिले. २०१२ च्या उन्हाळ्यात त्यांनी अशा मुलांना काही संदेश पाठवले. कोणता कागद कधी द्यायचा याची आठवण आणि अडचण असल्यास समुपदेशकाशी बोलण्याची सोय, असे त्यांचे स्वरूप होते. दर विद्यार्थ्यामागे खर्च सुमारे सात डॉलर. मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉरेन्स आणि स्प्रिंगफील्ड या शहरांत प्रवेशाचे प्रमाण शंभरात सुमारे सातांनी वाढले. जिथे मदत करणाऱ्या संस्था आधीपासूनच भरपूर होत्या, त्या बॉस्टनमध्ये मात्र फरक दिसला नाही.

मोठ्या संख्येवर काय झाले?

या यशानंतर साहजिकच हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर करून पाहण्यात आली. केली बर्ड, कॅसलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांवर संदेशांचा प्रयोग केला. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: साहाय्य मिळवणाऱ्यांच्या आणि प्रवेश घेणाऱ्यांच्या प्रमाणात काहीच फरक नाही. संदेशाची भाषा बदलली, वेळ बदलली, तरी नाही. आपल्याच आधीच्या यशाला छेद देणारा निष्कर्ष कॅसलमन यांनी लपवला नाही, हे नमूद करायला हवे.

कॅनडातील फिलिप ओरिओपोलस आणि उरोस पेट्रोनिजेविक यांचा अभ्यास आणखी बोलका आहे. पाच वर्षे, तीन विद्यापीठ-परिसर आणि सुमारे २५ हजार विद्यार्थी. ध्येय लिहून काढणे, मोबाइलवरून सल्ला, अभ्यासाच्या आठवणी असे अनेक उपाय त्यांनी केले. काही मुलांचा अभ्यासाचा वेळ किंचित वाढला, मनःस्थिती थोडी सुधारली. गुण मात्र वाढले नाहीत. जी मुले गळण्याचा धोका अधिक, त्यांचेही नाहीत. मुले ठरवतात त्याहून आठवड्याला पाच ते आठ तास कमी अभ्यास करतात, हे आढळले आणि संदेशांनी त्यात बदल झाला नाही. चांगल्या गुणांसाठी अधिक कष्ट लागतील हे काहींना संदेशांमुळे कळले, पण त्यांनी कष्ट वाढवण्याऐवजी गुणांची अपेक्षाच खाली आणली!

छोट्या प्रयोगात दिसते ते मोठ्यात का दिसत नाही? पहिले कारण, छोट्या प्रयोगात संदेशामागे माणूस असतो. मुलाने उत्तर पाठवले तर ओळखीचा समुपदेशक फोन करतो. आठ लाख मुलांच्या यादीत 'पाठवणारा' कोण, हेच मुलाला ठाऊक नसते. दुसरे कारण, यशस्वी प्रयोग छापून येतात आणि अयशस्वी कपाटात राहतात. स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ साली दोन ढिगांची तुलना केली. संशोधन-नियतकालिकांत छापलेल्या कोपरखळ्यांचा परिणाम सरासरी ८.७ टक्के-गुणांचा होता. अमेरिकेतील दोन मोठ्या संस्थांनी सरकारी कामात प्रत्यक्ष केलेल्या १२६ प्रयोगांचा, छापलेले-न छापलेले सारे धरून, फक्त १.४. शून्य नव्हे, पण ज्याचा गाजावाजा झाला तेही नव्हे.

वाशी ते पनवेल

आता हे सारे आपल्या विद्यार्थ्याला लावून पाहू. नवी मुंबईच्या महाविद्यालयांत दिघा, तुर्भे, मानखुर्द, उरण अशा ठिकाणांहून मुले येतात. शिष्यवृत्तीसाठी 'महाडीबीटी' संकेतस्थळावर अर्ज करायचा असतो. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला, गुणपत्रिका आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. वाशी, नेरूळ, ऐरोली हा भाग महसुली दृष्ट्या ठाणे तालुक्यात, खारघर पनवेल तालुक्यात, आणि उरणचे कार्यालय वेगळे. एकाच बाकावर बसणाऱ्या तीन मुलांचे दाखले तीन तहसीलदारांकडून येतात. अर्ज आधी महाविद्यालयाचा लिपिक तपासतो, मग संबंधित विभाग. कागद अस्पष्ट असेल तर अर्ज परत येतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय मोठा आहे. पण त्याचाही रस्ता उत्पन्नाच्या पुराव्यावरूनच जातो.

आता या मुलीला 'अर्जाची मुदत संपत आली' असा संदेश पाठवला. मुदत तिला ठाऊकच आहे. तिच्या हातात दाखला नाही. कोपरखळी झोपलेल्याला जागे करते. ही मुलगी तर जागीच आहे.

थेलर यांनी अशा अडथळ्यांना 'स्लज' म्हणजे गाळ म्हटले आहे आणि २०२१ च्या सुधारित आवृत्तीत त्यावर एक प्रकरणच घातले आहे. नवी मुंबईकरांना गाळ म्हणजे काय हे समजावायला नको. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ओहोटीला खाडीत सोडणारे आपले धारण तलाव गाळाने भरले की वस्तीत पाणी तुंबते. तिथे उपाय गाळ काढण्याचाच असतो. रहिवाशांना 'पाणी वाढत आहे' असे संदेश पाठवून तलावाची खोली वाढत नाही. आमच्या मते पुस्तकाचा हा भाग सर्वांत मोलाचा आहे. पण तो सर्वांत उशिरा आला आणि सर्वांत कमी उचलला गेला. कारण उघड आहे. संदेश पाठवणे स्वस्त असते, तर गाळ काढायला कार्यालयालाच आपली पद्धत बदलावी लागते.

हात देणारे उपाय

मग काय चालते? न्यूयॉर्क शहर विद्यापीठाने २००७ साली सुरू केलेल्या 'असॅप' योजनेत दोन वर्षांच्या महाविद्यालयातील गरीब मुलांना उरलेली फी माफ, प्रवासाचा पास मोफत, पुस्तकांना मदत आणि मोजक्याच मुलांची जबाबदारी असलेला सल्लागार दिला. मुलांनी पूर्णवेळ शिकायचे, ही अट घातली. चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेत तीन वर्षांत पदवी मिळवणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. दर विद्यार्थ्यामागे तीन वर्षांत सुमारे १६ हजार डॉलर जादा लागले. पण पदव्याच इतक्या वाढल्या, की दर पदवीमागचा खर्च उलट कमी भरला.

हा मार्ग महाराष्ट्राला नवा नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी गरीब मुलाला वसतिगृह दिले आणि हाताला काम दिले. साताऱ्याच्या १९४७ च्या छत्रपती शिवाजी कॉलेजातून 'कमवा आणि शिका' योजना महाराष्ट्रभर पोहोचली. वाशीत रयतचेच, कर्मवीरांच्या नावाचे महाविद्यालय आहे. कर्मवीरांनी मुलाचे मन तपासण्याआधी त्याच्या जेवणाची आणि फीची व्यवस्था पाहिली. 'असॅप'चा धडा याहून फार वेगळा नाही.

एक आक्षेप

कोपरखळीच्या विचारात एक गृहीत दडलेले असते: उणीव विद्यार्थ्याच्या स्वभावात आहे, तो विसराळू आहे, चालढकल करतो. काही मुलांबाबत ते खरेही असते. पण सर्वांना तेच औषध दिले की जबाबदारी हळूच सरकते. 'आम्ही सहा संदेश पाठवले होते' असे म्हणून महाविद्यालय मोकळे होते. कमी हजेरीवाल्यांची 'डिफॉल्टर' यादी फळ्यावर लावणे हीही एक प्रकारची कोपरखळीच, पण टोमण्याच्या अर्थाची. सकाळी काम करून तासाला येणाऱ्या मुलाचे नाव त्या यादीत लागते तेव्हा त्याला कारण विचारलेले नसते.

शिक्षकांनी काय करावे?

कोपरखळी टाकून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. फक्त शेवटची एकच पायरी उरली असेल तिथे ती उपयोगी पडते. कागद तयार आहेत, इच्छा आहे, फक्त तारीख विसरली आहे, अशा वेळी आठवण जरूर करावी. त्यापलीकडे काही सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली, संदेश पाठवण्याआधी विद्यार्थ्याच्या वाटेतील पायऱ्या मोजाव्यात. अर्जापासून पैसे खात्यात पडेपर्यंतच्या पायऱ्या कागदावर लिहून काढल्या की मुले नेमकी कुठे अडतात ते दिसते.

दुसरी, मुले जिथे आहेत तिथे मदत न्यावी. मुंबई महानगर क्षेत्रात २००९ पासून अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले, तेव्हा अर्जाचा पहिला भाग अनेक वर्षे शाळेतच, शिक्षकांच्या मदतीने भरला जात असे. बेटिंजर यांच्या प्रयोगाने जे सिद्ध केले ते आपल्या शाळांनी हाताने केलेले आहे. बारावीच्या निकालानंतर शाळेच्या किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या संगणक कक्षात असे दोन दिवस ठेवता येतील. दाखल्यांची तयारी तर निकालाआधीच सुरू करता येईल.

तिसरी, संदेशाखाली नाव असावे आणि उत्तर आले तर वाचणारे कोणी असावे.

चौथी, परिणाम मोजावा. दोन प्रकारचे संदेश घ्या: एक नुसती आठवण करून देणारा, दुसरा 'बुधवारी दुपारी खोली क्रमांक ७ मध्ये या, अर्ज मिळून भरू' असे सांगणारा. वर्गाच्या हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडा आणि महिन्याने कोणाचे अर्ज पुरे झाले ते मोजा. बुधवारी आलेल्या कोणालाही परत पाठवू नका आणि मोजणी झाल्यावर उरलेल्यांनाही ती मदत द्या. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी संख्याशास्त्राचा हा उत्तम प्रकल्प होईल.

शेवटी एक गोष्ट व्यवस्थापनांसाठी. विद्यार्थ्यांना आपोआप संदेश पाठवणाऱ्या सेवा आता सहज विकत मिळतात. त्या घेताना एकच हिशेब करावा: या खर्चामुळे शिष्यवृत्तीच्या खिडकीवरचा लिपिक किंवा मुलांना नावाने ओळखणारा शिक्षक कमी होणार आहे का? होणार असेल, तर आतापर्यंतचा पुरावा त्या व्यवहाराच्या विरुद्ध आहे.